‘म्हणे’, ‘हातून’ आणि ‘आपण’ : मराठी कथनातील निवेदकाची विश्वासार्हता

कादंबरीच्या चर्चेत ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा आता पदव्युत्तर वर्गांतून चांगलीच रुळली आहे. वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीविषयक ग्रंथात ती मांडली, आणि तेव्हापासून प्रथमपुरुषी निवेदनाची कोणतीही कृती हाती आली की तिच्या निवेदकावर विश्वास ठेवावा किंवा कसे, हा प्रश्न आपण जवळजवळ सवयीने विचारू लागलो आहोत. प्रश्न योग्यच आहे. परंतु त्याचे उत्तर कोणत्या पुराव्यावर द्यावयाचे, याचा विचार व्हावा तितका झालेला नाही. प्रस्तुत लेखात हा विचार मराठी भाषेच्या अंगाने करावयाचा आहे.

आधी संज्ञेविषयी दोन शब्द. नित्याच्या मराठीत ‘अविश्वसनीय’ म्हणजे विश्वास बसू नये इतके आश्चर्यकारक. एखाद्या फलंदाजाची खेळी अविश्वसनीय असते, एखाद्या वैद्याचा गुण अविश्वसनीय असतो. हे विशेषण घटनेला लागते. आपल्याला मात्र सांगणाऱ्याविषयी बोलावयाचे आहे. अत्यंत असंभाव्य गोष्ट सांगणारा निवेदक पूर्ण विश्वासार्ह असू शकतो, आणि अगदी साध्या, रोजच्या व्यवहारातील गोष्ट सांगणारा तसा नसू शकतो. म्हणून येथे ‘अविश्वासार्ह निवेदक’ असा शब्दप्रयोग केला आहे. उच्चाराला तो थोडा जड आहे, तथापि विद्यार्थ्यांच्या मनातील एक गोंधळ त्याने टळतो.

बूथची कसोटी अशी की, कृतीच्या मुळाशी जी मूल्ये असतात, म्हणजे ज्याला तो गर्भित लेखक म्हणतो त्याची जी मूल्ये, त्यांच्याशी सुसंगत असे जो बोलतो व वागतो तो निवेदक विश्वासार्ह. इतर सर्व अविश्वासार्ह. पुढे जेम्स फेलन याने या कल्पनेची फोड केली. निवेदक वस्तुस्थिती चुकीची सांगतो, किंवा तिचा अर्थ चुकीचा लावतो, किंवा तिचे मूल्यमापन चुकीचे करतो. या तीन गोष्टी निरनिराळ्या आहेत. अन्सगार न्यूनिंग या जर्मन अभ्यासकाने आणखी एक शंका उपस्थित केली : गर्भित लेखक कोणाला दिसतो? शेवटी वाचक आपल्याच जगातील मोजमापे घेऊन निवेदकाला मोजत असतो. ही शंका मला महत्त्वाची वाटते, कारण मोजमापे वाचकाची असतील तर कोणाला अविश्वासार्ह ठरवावयाचे हा निर्णय निव्वळ वाङ्मयीन राहत नाही. घरात, गावात किंवा न्यायासनापुढे ज्यांच्या शब्दाला पूर्वीपासूनच किंमत नव्हती, त्यांच्या ‘मी’वर हा शिक्का फार चटकन बसतो. हरि नारायण आपट्यांची यमू आणि दया पवारांचा दगडू हे दोन निवेदक मला या संदर्भात विशेष महत्त्वाचे वाटतात. त्यांच्याकडे पुढे वळू.

सांगणाऱ्याची पत तपासण्याची कल्पना मराठीला नवी नाही. मराठी गद्याच्या अगदी आरंभीच ती उभी आहे, आणि तीही आपल्याच जिल्ह्यातील माणसाच्या हातची. ‘लीळाचरित्रा’चे कर्ते म्हाइंभट हे सराळ्याचे, महानुभाव वाङ्मयात त्यांचा उल्लेख सराळेकर असाच येतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, चक्रधर स्वामींच्या पश्चात, त्यांनी स्वामींच्या आठवणी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या व नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. मूळ पोथी पुढे नाहीशी झाली आणि अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, असे परंपरा सांगते. आज उपलब्ध असलेल्या पोथ्यांत एखाद्या लीळेचा तपशील निरनिराळ्या व्यक्तींच्या स्मरणात निरनिराळा असेल तर तसे नोंदलेले आढळते. हा पाठ हिराइसेचा, हा शोध परशरामबासांचा, असे नावानिशी. दोन पाठांपैकी एक गाळून कथन गुळगुळीत करण्याचा मोह संपादणाऱ्यांना झाला नाही. ‘लीळाचरित्र’ ही कादंबरी नव्हे आणि म्हाइंभट कादंबरीच्या अर्थाने निवेदकही नव्हेत. परंतु ‘हे कोणी पाहिले, कोणी सांगितले, आणि सांगणाऱ्यांत मतभेद आहे काय’ हे वाचकाला कळले पाहिजे, ही जाणीव तेथे स्पष्ट आहे. आपली भाषा ही जाणीव ज्या साधनांनी व्यक्त करते, त्यांपैकी काही आता पाहू.

सोयीसाठी एक उतारा मीच रचून देतो. एका सेवा सोसायटीचा सचिव बोलतो आहे असे समजावे.

‘वसुलीची रक्कम कपाटात ठेवली होती. एक किल्ली माझ्याकडे, एक चेअरमनसाहेबांकडे. त्या दिवशी बाजार, गर्दी फार. संध्याकाळी पाहिले तर चारशे रुपये कमी. आबा म्हणे दुपारी कचेरीत येऊन गेले. आता आपल्याला काय, म्हातारा माणूस, त्यांना कोणी विचारावे? पावतीपुस्तक तेवढे माझ्या हातून घरी राहिले होते. मग मला राग आला आणि मी शिपायाला बोललो.’

या आठ वाक्यांत खोटे असे एकही वाक्य दाखविता येणार नाही. तरी ऐकणारा सावध होतो. का होतो, ते व्याकरणाने सांगता येते.

पहिल्या वाक्यात रक्कम कोणी ठेवली ते सांगितलेले नाही. मराठीत सकर्मक धातूचे भूतकाळी रूप कर्माप्रमाणे बदलते. ‘ठेवली होती’ हे रूप ‘रक्कम’ या स्त्रीलिंगी कर्माशी जुळले आहे. कर्ता गाळला की क्रियापदावर त्याची खूण राहत नाही, ना पुरुषाची, ना लिंगाची. ‘पाहिले’ या क्रियापदाचेही तसेच. इंग्रजीत एवढे लपविण्यासाठी वाक्य कर्मणी करावे लागते व ते डोळ्यांत भरते; मराठीत मात्र ते अगदी स्वाभाविक वाटते. मधली वाक्ये तर क्रियापदावाचूनच आहेत. सातव्या वाक्यात ‘हातून’ आले आहे. ‘मी पुस्तक घरी ठेवले’ आणि ‘माझ्या हातून पुस्तक घरी राहिले’ यांत घटना एकच असू शकते, पण दुसऱ्या वाक्यात इच्छेचा अंश काढून घेतलेला आहे. हात माझा आहे, कृती माझी नाही. ‘मला राग आला’ या वाक्यात तर राग हाच कर्ता आहे. तो आला, आणि मी केवळ त्याच्या येण्याचे ठिकाण झालो. या सर्व उताऱ्यात निवेदकाने निर्भेळ ‘मी’ आणि त्या ‘मी’शी जुळणारे क्रियापद एकाच ठिकाणी वापरले आहे : ‘मी शिपायाला बोललो.’ निवेदक पुरुष आहे हेही आपल्याला प्रथम तेथेच कळते. आपल्या कृत्यांपैकी जे त्याला बिनधोक वाटते तेवढ्याचेच कर्तृत्व त्याने स्वीकारले आहे.

आता ‘म्हणे’. हे ‘म्हणणे’ या धातूचे जुने तृतीयपुरुषी रूप. पण या प्रयोगात ते गोठून अव्ययासारखे झाले आहे. ‘ते म्हणे आले’, ‘त्या म्हणे आल्या’. पुरुष, वचन, लिंग काहीही असो, ‘म्हणे’ बदलत नाही, आणि कोण म्हणाले ते सांगण्याची जबाबदारीही उरत नाही. ज्ञानाचा उगम दर्शविणारी अशी साधने जगातील अनेक भाषांत आहेत. तुर्की भाषेत भूतकाळ सांगताना, ही गोष्ट आपण प्रत्यक्ष जाणतो की ऐकून वा अनुमानाने सांगत आहोत, यानुसार क्रियापदाला निराळे प्रत्यय लागतात. मराठीत अशी सक्ती नाही. ‘आबा आले’ या वाक्याने मी आबांना पाहिले असे सिद्ध होत नाही आणि नाकारलेही जात नाही. सक्ती नसल्यामुळेच ‘म्हणे’ची निवड अर्थपूर्ण होते, ती बोलणाऱ्याने केलेली असते. शिवाय स्थानानेही फरक पडतो. ‘आबा म्हणे आले’ यात केवळ ऐकीवपणा आहे. ‘आबा आले म्हणे!’ यात अविश्वासाची किंवा उपहासाची छटा सहज मिसळते. आपल्या सचिवाने पहिला प्रकार वापरला, आणि लगेच पुढच्या वाक्यात ती ऐकीव गोष्ट खरी धरून चालला. त्याच्या उताऱ्यातील सर्वांत संशयास्पद जागा माझ्या मते ही आहे. ‘असेल’, ‘असावा’, ‘असणार’ या रूपांची चढती भांजणीही याच दृष्टीने तपासण्याजोगी आहे, परंतु तो स्वतंत्र लेखाचा विषय होय.

राहिले ‘आपण’. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये तो असतो. (आदरार्थी द्वितीयपुरुषी ‘आपण’ निराळा.) इंग्रजी कादंबरी वाचताना निवेदक वाचकाला कधी आपल्या बाजूला ओढतो ते संदर्भावरून ओळखावे लागते, मराठीत सर्वनामच ते सांगते. ‘आता आपल्याला काय’ असे म्हणून सचिवाने ऐकणाऱ्याला आपल्या शेजारी बसविले आहे. आबांवर आळ घेतला तो दोघांनी मिळून.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. ‘हातून’, ‘मला राग आला’, गाळलेला कर्ता, ‘म्हणे’ हे सर्व प्रयोग अत्यंत प्रामाणिक माणूसही दिवसभर करीत असतो. काचेचा पेला फोडणारे प्रत्येक मूल ‘पेला फुटला’ असेच म्हणते, आणि तेवढ्यावरून त्याला अविश्वासार्ह ठरविणे हास्यास्पद होईल. पुरावा मिळतो तो प्रयोगांच्या वाटणीतून. कोणत्या कृत्यांना ‘मी’ मिळतो आणि कोणत्या कृत्यांना ‘हातून’, कोणत्या व्यक्तींविषयीच्या वाक्यांत ‘म्हणे’ येते आणि कोणाविषयी येत नाही, हे संपूर्ण कृतीतून मोजून पाहावे लागते. त्यातही काळ आणि समाज लक्षात घ्यावा लागतो, आणि याचे उत्तम उदाहरण आपल्याला आपट्यांकडे नेते.

‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी हरिभाऊंनी १८९० साली सुरू केलेल्या ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमू आपली कथा स्वतः सांगते. बालपण, सासर, पतीच्या सहवासातील थोडे सुखाचे दिवस, वैधव्य आणि बळजबरीचे केशवपन. एका पुरुष लेखकाने स्त्रीच्या ‘मी’ने एवढी मोठी कथा सांगावी हे धाडस मराठीत अधिक अवघड, कारण येथे ‘मी गेले’, ‘मी बसले’, ‘मी रडले’ असे प्रत्येक अकर्मक क्रियापद स्त्रीत्वाची साक्ष देते. विसर पडण्याची सोयच नाही. त्या काळच्या पांढरपेशा घरांत पत्नी पतीचे नाव घेत नसे. ‘इकडून येणे झाले’, ‘इकडची स्वारी’ असे ती बोले. हे ‘इकडून येणे झाले’ व्याकरणदृष्ट्या काय आहे? कर्ता काढून घेतलेले, कृतीला नाम बनविलेले वाक्य. आमच्या सचिवाने दोष झाकण्यासाठी जी वाट धरली, तीच वाट त्या घरातील पत्नी आदरासाठी धरते. कर्ता लपला एवढ्यावरून निष्कर्ष काढणाऱ्याची येथे पुरती फसगत होईल.

यमू अविश्वासार्ह आहे काय? बालपण सांगताना तिला तेव्हा न कळलेल्या अनेक गोष्टी आहेत; घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्याचा रोख मुलीला कळत नाही, सांगणाऱ्या मोठ्या यमूला कळतो, आणि वाचकाला कधी दोघींहूनही अधिक कळतो. फेलनच्या भाषेत सांगावयाचे तर लहान यमू अर्थ लावण्यात कमी पडते. पण मोठी यमू ते अंतर वाचकापासून लपवीत नाही. तेव्हा काय ठाऊक होते आणि आता काय ठाऊक आहे, हे वेगळे ठेवणारा निवेदक माझ्या मते विश्वासार्हतेच्या कसोटीला पुरेपूर उतरतो. कादंबरीचे शीर्षक ज्याच्यावर बोट ठेवते तो ऐकणारा आहे. साक्षीदार खरे बोलत आहे, दोष ऐकणाऱ्या समाजाच्या कानात आहे; अशा कृतीत निवेदिकेला अविश्वासार्ह म्हणणे म्हणजे शंकरमामंजींच्या बाजूने निकाल देण्यासारखे होईल.

निवेदकाच्या विश्वासाचा प्रश्न आणि दृष्टिकोणाचा प्रश्न हे एकमेकांस लागून असले तरी एक नव्हेत. झेरार झनेत या फ्रेंच अभ्यासकाने १९७२ साली ‘बोलतो कोण’ आणि ‘पाहतो कोण’ असे दोन प्रश्न वेगळे केले, ते याचसाठी. श्रीरामपुरात याचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. रेल्वेच्या लेखी आपले स्थानक बेलापूर आहे. गावचा माणूस श्रीरामपूरला उतरतो आणि तिकीट बेलापूरचे असते. दोन्ही नावे खरी. प्रत्येक नावामागे पाहणारा निराळा. कादंबरीत हा पाहणारा भाषेत कसा उमटतो?

येथेही मराठीची रचना इंग्रजीहून भिन्न आहे. इंग्रजीत दुसऱ्याचे बोलणे अप्रत्यक्ष करून सांगताना सर्वनाम आणि काळ दोन्ही बदलतात. मराठीत ‘सुमन म्हणाली की मी उद्या येणार नाही’ या वाक्यात ‘मी’ सुमन असू शकते किंवा सांगणाराही. ‘उद्या’ आणि ‘येणार’ जसेच्या तसे राहतात. वाक्य लांबले की ‘की’ मागे पडतो आणि हा ‘मी’ कोणाचा हे वाचक विसरतो. प्रथमपुरुषी कादंबरीत निवेदकाचा ‘मी’ आणि पात्राचा ‘मी’ अशा ठिकाणी एकमेकांवर सरकतात. आणि ‘म्हणाली की’ हेही गाळले तर? इंग्रजीत अशा मुक्त निवेदनाची ओळख काळ व सर्वनाम यांच्या बदलावरून पटते. मराठीत त्या खुणा नाहीत. त्यांची जागा दुसऱ्याच खुणा घेतात. ‘दामूअण्णा ओट्यावर बसले. आता हे पोरगे काय दिवे लावणार! जमीन तर गेलीच.’ येथे ‘बसले’ हे आदरार्थी बहुवचन निवेदकाचे; ‘हे पोरगे’ हा अनादर दामूअण्णांचा. सामीप्याचे ‘हे’, ‘तर’ आणि ‘च’ ही अव्यये, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आदराची पातळी, यांवरून डोळा कोणाचा ते कळते. एकाच व्यक्तीला एका पानावर ‘ते’ आणि दुसऱ्या पानावर ‘तो’ म्हटले असेल तर ती लेखकाची हयगय समजण्यापूर्वी दृष्टिकोण बदलला आहे काय हे पाहावे. परदेशी उपपत्ती शिकविताना या आदरार्थी रूपांकडे दुर्लक्ष होते, कारण इंग्रजीत ती नाहीत.

मराठी कादंबरीकारांनी अनेक निवेदकांचा प्रयोग लवकर केला. वामन मल्हार जोश्यांची ‘इंदू काळे व सरला भोळे’ (१९३४) पत्ररूप आहे. प्रत्येक पत्र कोणाला लिहिले आहे त्यावर त्यातील सत्याचा रंग ठरतो. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तिघे आळीपाळीने ‘मी’ म्हणून बोलतात. अकुतागावा या जपानी लेखकाच्या १९२२ मधील कथेत, जिच्यावरून कुरोसावाने १९५० साली ‘राशोमोन’ हा चित्रपट केला, निरनिराळ्या साक्षींत वस्तुस्थितीच जुळत नाही. ‘ययाति’त तसे नाही. घटना महाभारतातून आलेल्या, सर्वांना ठाऊक. तिघांच्या कथनांत तफावत पडते ती हेतूंच्या अर्थात. देवयानीला जो स्वाभिमान वाटतो तो शर्मिष्ठेला गर्व दिसतो. कचाविषयीची सल देवयानीच्या मनात किती खोल आहे हे ययातीच्या कथनावरून कळत नाही. वाचकाने तिन्ही कथने एकमेकांवर ठेवावीत अशी ही योजना आहे. पण आपल्या व्याकरणाच्या कसोटीला ही कादंबरी फारशी दाद देत नाही. तिन्ही निवेदकांची मराठी जवळजवळ एकच, खांडेकरांची अलंकृत मराठी आहे. विचार वेगळे, आवाज एक. कादंबरीची लोकप्रियता आणि तिला मिळालेले मान लक्षात घेऊनही ही उणीव नोंदविली पाहिजे. अविश्वासार्हतेचा अनुभव वाचकाला यावयाचा तर निवेदकाला स्वतःची बोली असावी लागते.

चिं. वि. जोश्यांच्या चिमणरावाला ती आहे. पाली भाषेच्या या व्यासंगी पंडिताने निर्माण केलेला हा भिडस्त कारकून आपली फजिती स्वतःच सांगतो, आणि सांगताना ती फजिती आहे हे त्याला पुष्कळदा कळलेलेच नसते. तो वस्तुस्थिती झाकीत नाही. चुकते ते मूल्यमापन. विनोदी लेखन म्हणून या कथांना कथनमीमांसेच्या वर्गात बसू न देण्याची आपली पद्धत मला अजिबात पटत नाही. निवेदकाहून अधिक जाणणारा वाचक मराठीत किती सहजपणे घडविला गेला, हे दाखविण्यास चिमणरावापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण.

भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ने (१९६३) हा प्रश्न अधिक अवघड केला. पांडुरंग सांगवीकर हा पंचवीस वर्षांचा निवेदक. नेमाड्यांचे गावही सांगवीच. निवेदक आणि लेखक यांची बेरीज करण्याचे आमंत्रण आडनावातच आहे, आणि वाचकांनी ते वारंवार स्वीकारले. पांडुरंगाचे वडिलांविषयीचे, मित्रांविषयीचे, पुण्याविषयीचे शेरे नेमाड्यांचे समजून त्यांच्यावर टीकाही झाली. पांडुरंगाची भाषा नीट पाहिली तर असे करणे कठीण व्हावे. ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ या त्याच्या दोन लकबी सर्वपरिचित आहेत, व त्यांची नक्कल पुढे पुष्कळांनी केली. पण त्यांचे कार्य काय? ‘उदाहरणार्थ’ हा शब्द एखादी गोष्ट सामान्य नियमाचा दाखला म्हणून मांडतो. पांडुरंग तो अशा गोष्टींपुढे घालतो की ज्या कशाचेच उदाहरण नाहीत, एकदाच घडल्या आणि जिव्हारी लागल्या. ‘वगैरे’ यादी पुढे चालू असल्याचे भासवितो, जेथे पुढे यादीच नसते. दोन्ही शब्द निवेदकाला आपल्याच अनुभवापासून दोन पावले दूर उभे करतात. बहीण मनी हिच्या मृत्यूच्या भागात ही ढाल अपुरी पडते, आणि इतकी पाने हा माणूस कशापासून अंग चोरीत होता ते तेथे कळते. पांडुरंग खोटे बोलत नाही. स्वतःला किती लागले आहे याविषयी तो कमी सांगतो. मूल्यमापन, अर्थ, वस्तुस्थिती यांबरोबरच भावनेच्या मापातही निवेदक अविश्वासार्ह असू शकतो, ही भर ‘कोसला’च्या आधाराने फेलनच्या वर्गीकरणात घालता येईल. नेमाडे स्वतः भाषाशास्त्राचे विद्यार्थी होते, हे येथे आठवते.

आता ‘बलुतं’. दया पवार हे अकोले तालुक्यातील धामणगावचे, म्हणजे आपल्याच अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले. १९७८ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे. तरी निवेदनाच्या अभ्यासकाला त्याची मांडणी टाळून पुढे जाता येत नाही. आपली कथा सांगतो तो दगडू मारुती पवार, आणि ती ऐकतो तो लेखक दया पवार. दोघे एकच व्यक्ती आहेत. एक जन्माने मिळालेले नाव, दुसरे लिहिणाऱ्याचे. या विभागणीला कोणी कलात्मक क्लृप्ती म्हणतात, कोणी तीवरून निवेदकाच्या विश्वासाचा प्रश्न काढतात. मला येथे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचा भेद आठवतो. गावकीच्या ‘आपण’मध्ये महारवाड्याला जागा नव्हती, बलुत्याच्या वाटणीत काम होते, वाटा होता, पण ते सर्वनाम नव्हते. शहरात येऊन लिहू लागलेल्या दया पवारांना वाचकांशी बोलताना जो ‘आपण’ उपलब्ध होता, तो मुद्रित मराठीचा, बहुतांशी पांढरपेशा वाचकांचा. त्यात दगडूला बसविले असते तर त्याच्या वाट्याला आलेल्या गोष्टी सर्वांच्याच झाल्या असत्या. निवेदक आणि श्रोता असे दोन भाग केल्यामुळे दगडूचा ‘आम्ही’ अबाधित राहतो, आणि ऐकणाऱ्या सुशिक्षित माणसाची अस्वस्थताही कथनात येते. येथे दोन ‘मी’ आहेत म्हणून सत्य पातळ झालेले नाही. म्हाइंभटांच्या परंपरेत ‘हा पाठ अमक्याचा’ असे नोंदीत, तसा येथे दगडूचा पाठ दगडूच्या नावावर लागला आहे.

स्मरणात चुका असतात, हे खरे. तारखा सरकतात, माणसे एकमेकांत मिसळतात. पण स्मरणाची चूक आणि निवेदकाची अविश्वासार्हता या निराळ्या वस्तू आहेत. पहिली कोणत्याही साक्षीत असते, दुसरी कृतीच्या रचनेत शोधावी लागते. दलित आत्मकथनांवर लिहिताना ही संज्ञा हाती घेणाऱ्याने ती पांढरपेशा आत्मचरित्रांवरही तितक्याच तत्परतेने चालवून पाहावी, आणि मग दोन्हीकडे ‘हातून’ किती वेळा व कशासाठी येते याची गणना करावी. गणनेचा निकाल काय येईल याविषयी माझी अटकळ आहे, परंतु अटकळ छापण्यापेक्षा गणना झालेली बरी.

अलीकडील कृतींपैकी सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) अशा अभ्यासास विशेष सोयीची आहे. तनय आणि अनुजा ही भावंडे एकाच माणसावर, घरात भाड्याने राहावयास आलेल्या एका तरुणावर, प्रेम करतात आणि तो निघून गेल्यावर आपापली कथा सांगतात. तनयचे कथन त्या तरुणाला ‘तू’ म्हणून उद्देशून आहे. अनुजाचे दैनंदिनीच्या रूपात. तरुणाचे नाव वाचकाला कळत नाही, आणि त्याची बाजू तर कोठेच येत नाही. दोन्ही निवेदक प्रामाणिक आहेत, तरी दोघांच्या कथनांतून उभा राहणारा माणूस एक नव्हे. पत्ररूप, दैनंदिनी, ‘तू’ला उद्देशून केलेले कथन यांत निवेदकाचा श्रोता बदलतो, आणि श्रोता बदलला की ‘आपण’ कोण हेही बदलते. तनयच्या कथनातील ‘आपण’ त्या दोघांचा असू शकतो. अनुजाच्या दैनंदिनीत तो कोणाचा असतो, हे प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे पाहावे लागेल.

विभागातील ज्या विद्यार्थ्यांना या दिशेने काम करावयाचे असेल त्यांनी प्रथम एकच कृती घ्यावी व पुढील नोंदी कराव्यात : निवेदकाच्या प्रत्येक महत्त्वाच्या कृत्याचे क्रियापद कर्त्याशी जुळते की कर्माशी, कर्ता उच्चारलेला आहे की गाळलेला, ऐकीव माहितीला ‘म्हणे’ लावले आहे की नाही, आणि लावले असल्यास वाक्यात कोठे, ‘आम्ही’ व ‘आपण’ कोणाकोणाला धरून येतात, आदरार्थी रूपे कोठे बदलतात. ‘कोसला’ घेतल्यास ‘वगैरे’च्या अगोदर काय येते याची वेगळी यादी करावी. त्याबरोबर श्रीरामपूर, राहाता, नेवासे या भागांतील बोलण्यातून ‘म्हणे’चे नमुने ध्वनिमुद्रित करून ठेवणे उपयोगी पडेल. छापील मराठीत ‘म्हणे’ बहुधा वाक्याच्या मध्ये सापडते. बाजारच्या दिवशी, एसटीच्या थांब्यावर ते वाक्याच्या शेवटी किती वेळा आणि कोणत्या स्वरात येते, ते कादंबरीच्या पानावरून कळणार नाही.